सोमण व्हाइस अ‍ॅडमिरलच राहिले : युद्धात नौदलाच्या अधिकाऱ्यांना बढती नेमकी कशावर मिळते?

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात, गोदावरीच्या काठावर राक्षसभुवन आहे. शनीच्या देवस्थानामुळे गावाचं नाव सगळ्या मराठवाड्याला माहीत. इतिहासात मात्र हे गाव येतं ते १० ऑगस्ट १७६३ च्या लढाईमुळे. थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा इथं धुव्वा उडवला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर इथंच मारला गेला. पानिपतानंतर अडीच वर्षांनी मराठ्यांनी पुन्हा मान वर काढली ती याच गोदाकाठावर.

पण ही लढाई करायची वेळ का आली, हे फार कमी वेळा सांगितलं जातं.

१७६२ च्या शेवटी रघुनाथरावांनी निजामाची मदत घेऊन पुतण्याला नमवलं आणि कारभार हातात घेतला. त्यानंतर काय केलं, तर पदं वाटली. साताऱ्याच्या दरबारातलं प्रतिनिधीपद भवानरावांकडून काढलं आणि स्वतःच्या तान्ह्या मुलाच्या नावावर केलं. तान्हं मूल काय कारभार करणार, म्हणून प्रत्यक्ष काम बघायला नारो शंकर. मिरजेचे गोपाळराव पटवर्धन माधवरावांच्या बाजूचे, तर त्यांची मिरज काढून घेतली. दुखावलेली मंडळी गेली कुठं? थेट निजामाकडे. नागपूरचे जानोजी भोसलेही तिकडेच. १७६३ मध्ये निजामाच्या फौजेनं पुणं लुटलं तेव्हा पुण्याच्या वाटा माहीत असलेले सरदार त्याच्या छावणीत बसलेले होते.

मग जानोजींना ३२ लाखांच्या मुलखाचं आश्वासन देऊन परत वळवावं लागलं. लढाई जिंकल्यावर माधवरावांनी भवानरावांना प्रतिनिधीपद आणि पटवर्धनांना मिरज परत दिली. एका तान्ह्या मुलाची बढती निस्तरायला राजधानी लुटली जाईपर्यंत आणि एक मोठी लढाई होईपर्यंत वेळ गेला.

ही गोष्ट घोडदळाची. बीडला समुद्र नाही. पण वरच्या पदावर कोण बसणार हे रणांगणापेक्षा दरबारात ठरतं, ही भानगड समुद्रावर आणखी गडद होते. कारण सोपं आहे. जमिनीवरची लढाई लोकांना दिसते, गावं जिंकली-हरली जातात, फोटो येतात. समुद्रावर काय झालं हे किनाऱ्यावरच्या माणसाला कोणीतरी सांगावं लागतं. आणि नौदलानं काय करायचं, कुठपर्यंत जायचं, हे त्याआधी दिल्लीनं ठरवलेलं असतं.

हा विषय आत्ता निघण्याचं कारणही आहे. नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल दिनेश त्रिपाठी यांचा जन्म १५ मे १९६४ चा. सैन्यदलाच्या प्रमुखाला तीन वर्षं किंवा वयाची ६२ वर्षं, यातलं जे आधी येईल ते. या हिशेबानं त्यांची मुदत ३१ मे २०२६ ला संपते. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूर झाल्यानंतरची नौदलप्रमुखाची ही पहिलीच निवड. अशा वेळी सोशल मीडियावर एकच प्रश्न फिरतो, ज्यानं कामगिरी केली त्यालाच पद मिळणार का?

उत्तर इतकं सरळ नाही.

आधी पद्धत बघू

नौदलात कमांडरपर्यंतचा प्रवास बऱ्यापैकी सेवेच्या वर्षांवर होतो. पुढे निवड मंडळ बसतं. वरिष्ठांनी वर्षानुवर्षं लिहिलेले गोपनीय अहवाल, समुद्रावर जहाजाची कमान सांभाळली का, कोणत्या जागांवर काम केलं, हे सगळं तिथं बघितलं जातं. रिअर अ‍ॅडमिरल ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, व्हाइस अ‍ॅडमिरल ६० व्या वर्षी. त्यामुळे अगदी वरच्या पातळीवर जन्मतारीख ही सगळ्यात निर्दयी परीक्षक असते. जागा रिकामी होण्याच्या दोन महिने आधी साठी आली, की संपलं.

नौदलप्रमुखाचं नाव मात्र नौदल ठरवत नाही. संरक्षण मंत्रालयाकडून पात्र व्हाइस अ‍ॅडमिरलांची नावं जातात आणि मंत्रिमंडळाची नियुक्ती समिती शिक्का मारते. या समितीत सध्या पंतप्रधान आणि गृहमंत्री आहेत. ज्येष्ठतेनं निवड करायची प्रथा आहे, कायदा नाही. या दोन शब्दांमधल्या फटीतच सगळं राजकारण राहतं.

प्रसिद्धीचं काय? वर्दीतल्या अधिकाऱ्याला परवानगीशिवाय पत्रकारांशी बोलता येत नाही. म्हणजे स्वतःचा गाजावाजा करून बढती मिळवायची सोय कागदावर तरी नाही. पण युद्ध सुरू झालं की सरकारच काही चेहरे पुढे आणतं, काही कामं पुढे आणतं, आणि काही कामं झाकून ठेवतं. त्याचा परिणाम किती खोलवर जातो हे बघायचं तर १९६५ मध्ये जावं लागेल.

पोरबंदरच्या वर जायचं नाही

१९६५ च्या युद्धात नौदलप्रमुख होते व्हाइस अ‍ॅडमिरल भास्कर सदाशिव सोमण. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण. दोघेही मराठी. चव्हाण १९६२ च्या चीन युद्धातल्या पराभवानंतर दिल्लीत आले होते. त्या पराभवामागे एक बढतीच होती अशी तेव्हा देशभर चर्चा होती. कृष्ण मेनन यांच्या मर्जीतले समजले जाणारे लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल यांना ऐन लढाईच्या तोंडावर ईशान्येतल्या चौथ्या कोअरचं नेतृत्व दिलं गेलं आणि पुढं जे झालं ते झालं. त्यामुळे चव्हाणांच्या काळात मंत्रालय सेनापतींच्या कामात फार लुडबुड करत नाही, असं बोललं जायचं. भूदल आणि हवाई दलाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरंही होतं.

नौदलाच्या बाबतीत मात्र मंत्रालयातून लेखी सूचना आली. मुंबईपासून २०० मैलांच्या पलीकडे आणि पोरबंदरच्या अक्षांशाच्या उत्तरेला स्वतःहून कारवाईसाठी जायचं नाही. कराची उत्तरेला. म्हणजे कराचीचं नाव न घेता कराची बंद.

सरकारची बाजूही होती. युद्ध पसरवायचं नव्हतं. तिकडे सुकर्णोंचा इंडोनेशिया पाकिस्तानच्या बाजूनं बोलत होता आणि अंदमान-निकोबारची काळजी होती. आरमारातली बरीच जहाजं बंगालच्या उपसागरात होती. विमानवाहू विक्रांत मुंबईत दुरुस्तीला लागलेली. सोमण यांनी या आदेशाला विरोध केला, वर दाद मागितली. आदेश बदलला नाही.

मग ७-८ सप्टेंबरची रात्र आली. पाकिस्तानची सात जहाजं द्वारकेसमोर आली आणि तोफा डागून निघून गेली. लष्करी नुकसान किरकोळ. बरेच गोळे फुटलेच नाहीत. ओखा बंदरात आयएनएस तलवार होती, पण तिच्या यंत्रात बिघाड. द्वारका हे काही लष्करी ठाणं नव्हतं, पण ते द्वारका होतं. देशभर एकच प्रश्न, नौदल काय करत होतं? नौदल आदेश पाळत होतं, हे सांगायची सोय नव्हती, कारण आदेशच गुप्त.

आता पुढचं नीट बघा. युद्ध संपलं. जानेवारी १९६६ मध्ये सरकारनं हवाई दलप्रमुखाचं पद एका पायरीनं वर नेलं आणि अर्जनसिंग देशाचे पहिले एअर चीफ मार्शल झाले. १९६५ च्या कामगिरीची ती पावती होती. भूदलप्रमुख जनरल चौधरी आणि अर्जनसिंग, दोघांनाही पद्मविभूषण मिळालं. तिन्ही दलांत नौदल तेवढं मागे राहिलं. सोमण मार्च १९६६ मध्ये व्हाइस अ‍ॅडमिरल म्हणूनच निवृत्त झाले. नौदलप्रमुखाला पूर्ण अ‍ॅडमिरलचा हुद्दा मिळाला तो थेट मार्च १९६८ मध्ये, त्यांच्यानंतर आलेल्या ए. के. चटर्जी यांना.

म्हणजे ज्याला लढायची परवानगी मिळाली त्याचं पद मोठं झालं. ज्याला थांबायला सांगितलं, तो थांबला म्हणून मागे राहिला.

पलीकडे उलटं झालं. द्वारकेच्या त्या रात्रीचा पाकिस्ताननं इतका गाजावाजा केला की आजही तिथं ८ सप्टेंबर हा नौदल दिन असतो. तेव्हाचे त्यांचे नौदलप्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल अफझल रहमान खान निवृत्तीनंतर अयुब खान यांच्या सरकारात संरक्षणमंत्री झाले. न फुटलेल्या गोळ्यांवर एवढी मोठी कमाई क्वचितच कोणाची झाली असेल.

नंदांनी आधी विचारून घेतलं

१९७० मध्ये अ‍ॅडमिरल एस. एम. नंदा नौदलप्रमुख झाले. कराचीजवळच्या मनोरा बेटावर लहानाचे मोठे झालेले, कराची बंदरात नोकरी केलेले. ते बंदर त्यांना घरच्या अंगणासारखं माहीत. पण नंदांची खरी हुशारी नकाशा माहीत असण्यात नव्हती. १९६५ मध्ये काय चुकलं हे त्यांनी ओळखलं होतं. त्यांनी मुंबईच्या ब्लिट्झ साप्ताहिकाला मुलाखत देऊन, युद्ध झालंच तर नौदल शत्रूच्या मोठ्या बंदरांपर्यंत जाईल असं जाहीर सांगून टाकलं. आणि युद्धाआधी इंदिरा गांधींना भेटून थेट विचारलं, कराचीवर हल्ला केला तर सरकारला राजकीय अडचण आहे का? युद्ध आहे तर युद्ध आहे, अशा अर्थाचं उत्तर मिळालं. पोरबंदरची रेघ तिथं पुसली गेली.

४ डिसेंबर १९७१ च्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौका कराचीवर गेल्या. पाकिस्तानची खैबर ही विनाशिका बुडाली. हीच खैबर १९६५ मध्ये द्वारकेसमोर आलेल्या सात जहाजांत होती. चार दिवसांनी विनाश या नौकेनं पुन्हा हल्ला केला, केमारीच्या तेलटाक्या पेटल्या. टाक्या नेमक्या कोणाच्या, यावरून हवाई दल आणि नौदल पुढे कित्येक वर्षं वाद घालत राहिले. हवाई दलाचं म्हणणं, आमच्या हंटर विमानांनी ४ तारखेच्या सकाळीच त्या पेटवल्या होत्या. आग एक, दावेदार दोन. युद्धानंतर श्रेयाला किती किंमत असते ते यावरून कळतं.

पदांचं काय झालं? पश्चिम कमानीचे प्रमुख व्हाइस अ‍ॅडमिरल एस. एन. कोहली १९७३ मध्ये नौदलप्रमुख झाले. पूर्वेकडे व्हाइस अ‍ॅडमिरल एन. कृष्णन होते. त्यांच्याकडे बॉयलरला तडा गेलेली विक्रांत होती, तीच घेऊन त्यांनी पूर्व पाकिस्तानची नाकेबंदी केली. ते प्रमुख झाले नाहीत, पुढे कोचीन शिपयार्डचे अध्यक्ष झाले. यात कोणाचा डाव शोधायची गरज नाही. कोहली ज्येष्ठ होते. पण दोघांचीही कामगिरी गाजलेली आणि खुर्ची एक, तेव्हा पराक्रम मोजत बसलं नाही, ज्येष्ठता बघितली. अशा वेळी रुक्ष नियमच बरा वाटतो.

प्रसिद्धीचा हात दिसतो तो वेगळ्या ठिकाणी. जानेवारी १९७३ मध्ये माणेकशॉ फील्ड मार्शल झाले. लोकांच्या मनात १९७१ चं युद्ध म्हणजे माणेकशॉ, त्यांच्या मिशा, त्यांचे किस्से. अर्जनसिंग २००२ मध्ये मार्शल ऑफ द एअर फोर्स झाले. नौदलात याच तोडीचा पंचतारांकित हुद्दा आजवर एकाही भारतीयाला मिळालेला नाही, नंदांनाही नाही.

बढतीच्या वादात सरकार गेलं

युद्ध नसताना काय होतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण १९९८ चं. नौदलप्रमुख अ‍ॅडमिरल विष्णू भागवत. त्याआधी मुंबईत पश्चिम कमानीचे प्रमुख होते. १९९० मध्ये रिअर अ‍ॅडमिरल असताना स्वतःच्या बढतीच्या वादात त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली होती. तेव्हा नौदलप्रमुख होते जयंत नाडकर्णी. म्हणजे नौदलातल्या बढतीचा झगडा कोर्टात नेण्याचा अनुभव भागवतांना आधीपासून होता.

९ डिसेंबर १९९८ ला मंत्रिमंडळाच्या नियुक्ती समितीनं व्हाइस अ‍ॅडमिरल हरिंदर सिंग यांना नौदलाचे उपप्रमुख म्हणून नेमायला मंजुरी दिली. भागवतांचा विरोध होता. नौदल मुख्यालयात आपल्या हाताखाली कोण असावं यात प्रमुखाच्या शिफारशीला वजन हवं, हे त्यांचं म्हणणं. या आदेशाची अंमलबजावणी करता येणार नाही असं त्यांनी कळवलं. संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस होते, मुंबईच्या कामगार चळवळीतून आलेले, माघार न घेणारे. ३० डिसेंबरला भागवतांना बडतर्फ केलं. व्हाइस अ‍ॅडमिरल सुशील कुमार यांना कोचीहून गुपचूप दिल्लीत आणून त्यांच्याकडे पदभार दिला. स्वतंत्र भारतात सैन्यदलाच्या प्रमुखाला असं काढल्याची ही पहिलीच वेळ.

दोन्ही बाजू वर्तमानपत्रांत आल्या. आणि मग ते नौदलाचं प्रकरण राहिलंच नाही. कोणाचा धर्म काय, कोणाची बायको कोणत्या विचारांची, इथपर्यंत मजल गेली. अण्णाद्रमुकच्या जयललिता यांनी भागवत प्रकरणाची संसदीय चौकशी करा आणि फर्नांडिस यांना संरक्षण खात्यातून हटवा अशा मागण्या लावून धरल्या. त्यांची नाराजी फक्त याच कारणाची होती असं कोणी म्हणणार नाही, तामिळनाडूचं राजकारण त्यात होतंच. पण एप्रिल १९९९ मध्ये त्यांनी पाठिंबा काढला आणि १७ एप्रिलला वाजपेयी सरकार एका मतानं पडलं.

मे महिन्यात कारगिल सुरू झालं. देशात काळजीवाहू सरकार, नौदलात पाच महिन्यांपूर्वी घाईत बसवलेला प्रमुख. सुशील कुमार यांनी ऑपरेशन तलवार राबवलं, जहाजं अरबी समुद्रात पुढे नेऊन कराचीवर दबाव ठेवला. गोळी न झाडता काम झालं. त्यामुळे कारगिल म्हटलं की टायगर हिल आठवतं, समुद्र कोणाला आठवत नाही.

भागवत बरोबर होते की फर्नांडिस, यावर आजही दोन तट आहेत. लोकशाहीत शेवटचा शब्द निवडून आलेल्या सरकारचा, याबद्दल शंका नसावी. पण एका उपप्रमुखाच्या नेमणुकीचा तिढा तीन आठवड्यांत बडतर्फीपर्यंत जातो, तेव्हा मधल्या दोन-तीन पायऱ्यांवर कोणीतरी आपलं काम केलेलं नसतं. संरक्षण सचिवांनाही तेव्हा त्या जागेवरून हलवलं गेलं, ते उगाच नाही.

ज्येष्ठ असूनही

२६ फेब्रुवारी २०१४ ला आयएनएस सिंधुरत्न पाणबुडीत दुर्घटना झाली, दोन अधिकारी गेले. त्याआधी ऑगस्ट २०१३ मध्ये सिंधुरक्षक मुंबईच्या गोदीत स्फोटानं बुडाली होती, १८ जण मृत्युमुखी पडले होते. टीव्हीवर नौदलाच्या अपघातांची यादीच चालू होती. अ‍ॅडमिरल डी. के. जोशी यांनी त्याच दिवशी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला आणि सरकारनं तो लगेच घेतला. रांगेत ज्येष्ठ होते पश्चिम कमानीचे प्रमुख शेखर सिन्हा. पण अपघात त्यांच्याच कमानीत झालेले. रॉबिन धोवन यांना प्रमुख केलं, सिन्हांनी मुदतीआधी निवृत्ती मागितली.

२०१९ मध्ये व्हाइस अ‍ॅडमिरल बिमल वर्मा ज्येष्ठ असताना करमबीर सिंग यांचं नाव जाहीर झालं. वर्मा लष्करी न्यायाधिकरणात गेले. सरकारचं उत्तर, फक्त ज्येष्ठता हा निकष नाही. करमबीर सिंग यांनी ३१ मे रोजी पदभार घेतला.

दोन्ही वेळा ज्येष्ठ माणसाला का डावललं याचं कारण लोकांना कळलं ते फुटलेल्या बातम्यांतून किंवा कोर्टाच्या कागदांतून. खरा आक्षेप इथं आहे. सरकारनं निवड करू नये असं नाही. उलट फक्त जन्मतारखेवर प्रमुख ठरणं हीसुद्धा काही शहाणपणाची पद्धत नव्हे. पण प्रथा मोडताना दोन ओळींचं कारण जाहीर केलं, तर अर्ध्या अफवा जन्मालाच येणार नाहीत.

सिंदूरनंतर

मे २०२५ मध्ये काय दिसलं? ११ मे च्या पत्रकार परिषदेत तिन्ही दलांच्या कारवाईचे प्रमुख पुढे आले. लेफ्टनंट जनरल राजीव घई, एअर मार्शल ए. के. भारती आणि व्हाइस अ‍ॅडमिरल ए. एन. प्रमोद. घई यांचा चेहरा घराघरांत पोचला. जूनमध्ये त्यांना उपसेनाप्रमुखाची नवी जबाबदारी मिळाली. टीव्हीवर दिसले म्हणून मिळाली का? असं म्हणायला काही आधार नाही. ज्या खुर्चीवर बसून त्यांनी युद्ध सांभाळलं तीच खुर्ची त्यांना कॅमेऱ्यासमोर घेऊन आली, एवढंच.

नौदलाची गोष्ट पुन्हा १९६५ सारखी, फक्त यावेळी तिची तोंडओळख सरकारनं स्वतः करून दिली. प्रमोद यांनी सांगितलं की पहलगामच्या हल्ल्यानंतर ९६ तासांत आरमार समुद्रात सज्ज होतं, कराचीसह लक्ष्यं निश्चित होती, आदेशाची वाट होती. १० मे रोजी गोळीबार थांबला आणि तो आदेश आला नाही. त्या काळात पश्चिम कमानीचे प्रमुख होते व्हाइस अ‍ॅडमिरल संजय जसजित सिंग. ३१ जुलै २०२५ ला ते निवृत्त झाले. दोन आठवड्यांनी, स्वातंत्र्यदिनाच्या यादीत त्यांना सर्वोत्तम युद्ध सेवा पदक जाहीर झालं. आरमार सज्ज ठेवलं, पदक मिळालं, पण साठी चुकली नाही.

पाकिस्तानात गोळीबार थांबल्यावर दहाच दिवसांत, २० मे रोजी, लष्करप्रमुख असीम मुनीर फील्ड मार्शल झाले. काय जिंकलं याचा हिशेब मांडायच्या आधी हुद्दा. आपल्याकडे माणेकशॉंनाही वर्षभर थांबावं लागलं होतं. बढती ही युद्धाच्या प्रचाराचाच भाग झाली की ती देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही नंतर खरं बोलता येत नाही, आणि ही अडचण आपल्याला येणारच नाही असं समजायचं काही कारण नाही.

नौदल प्रसिद्धीपासून दूर आहे असंही राहिलेलं नाही. ४ डिसेंबर २०२३ चा नौदल दिन सिंधुदुर्गात झाला. पंतप्रधानांच्या हस्ते मालवणच्या राजकोटवर शिवरायांचा पुतळा उभा राहिला, अ‍ॅडमिरलांच्या खांद्यावरच्या पट्ट्यांवर राजमुद्रेच्या आठ कोनांची छाप आली, हुद्द्यांची नावं भारतीय परंपरेप्रमाणे बदलायची घोषणा झाली. २६ ऑगस्ट २०२४ ला तो पुतळा कोसळला आणि विधानसभेच्या तोंडावर नौदलाचं नाव राज्याच्या प्रत्येक सभेत घेतलं गेलं. पुतळ्याच्या कामाचा आणि समुद्रावरच्या तयारीचा काडीचाही संबंध नाही. पण लोकांच्या डोळ्यासमोर नौदल आलं ते त्या चौथऱ्यामुळे.

बातमी वाचताना उपयोगी पडतील अशा दोन गोष्टी. जाहीर झालेलं नाव ज्येष्ठतेत कितव्या क्रमांकावर आहे ते बघा. पहिल्यावर असेल तर वाद होणार नाही, नसेल तर वर कोण होतं आणि ते न्यायाधिकरणात जातात का हे पुढच्या दोन आठवड्यांत कळेल. दुसरं, घोषणा आणि पदभार यांत किती दिवसांचं अंतर आहे ते मोजा. २०१९ मध्ये दोन महिन्यांहून जास्त अंतर होतं, त्यामुळे वाद घालायला वेळ मिळाला. २०२४ मध्ये त्रिपाठींचं नाव १८ एप्रिलला जाहीर झालं आणि ३० एप्रिलला ते खुर्चीत बसले. २०१४ मध्ये तर जोशी गेल्यावर पूर्ण वेळचा प्रमुख यायला ५० दिवस लागले.